एकट्याने उघडू नये

फुकट मिळालेली वस्तू मी आधी उलटी करून बघतो. तळाला काही चिकटवलंय का, कुठे तडा गेलाय का, कुणाचं नाव खरवडलंय का. स्वभाव म्हणा नाहीतर धंद्याची खोड म्हणा. सातपूरच्या एका कारखान्यात मी उभी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक तुकडा खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तो चांगला निघालाच तर नाइलाजाने शिक्का मारायचा, अशी आमच्या खात्याची रीत. संशय घेण्याचा मला पगार मिळत होता, आणि खोटं कशाला बोलू, पगारापेक्षा मी काम जास्तच करत होतो.

अशा माणसाच्या वाट्याला नेमका हा गृहस्थ यावा, ही देवाने केलेली चेष्टाच म्हणायची. ते आमच्या पॅकिंग खात्याचे प्रमुख. नाव सांगत नाही, कारण त्यांचाच तसा नियम होता. पेटीवर घेणाऱ्याचं नाव हातभर असावं आणि पाठवणाऱ्याचं बोटभर, असं ते म्हणायचे. उंच, किडकिडीत, खाकी शर्टाच्या खिशात कायम सुतळीचा एक तुकडा. बोलता बोलता तो तुकडा बोटाला गुंडाळायचे आणि सोडायचे. कागद फाडलेला त्यांना खपत नसे. कुणी डब्यावरचा कागद टरकन फाडला की ते असा चेहरा करायचे जणू त्यांच्याच कानाखाली कुणी वाजवली आहे.

लोक तेव्हा लग्नात भिंतीवरची घड्याळं द्यायचे, लेमन सेट द्यायचे, नाव कोरलेले स्टीलचे डबे द्यायचे. हे गृहस्थ वस्तू देतच नसत. ते एखादी सकाळ द्यायचे, दुपार द्यायचे, कुठली तरी चक्कर द्यायचे. पण हातात ठेवायचे ते मात्र खोकंच. तेही असं बांधलेलं, की उघडायला घरातली तीन माणसं लागावीत.

“वस्तू खोक्यात मावते म्हणून सगळे वस्तू देतात,” ते म्हणायचे. “जे मावत नाही ते द्यायचं असेल, तर खोकं जास्त चांगलं लागतं.”

हे ऐकून बाकीचे माना डोलवायचे. माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, की ह्यात ह्यांचा फायदा काय?

आमच्या मशीन शॉपमधल्या एका फिटरचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. फिटरच्या दोन खोल्यांत आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण, आणि त्यात आता ही नवी सून. लग्नाच्या हॉलवर ह्यांनी छातीएवढी लाकडी पेटी आणली. पेटीवर कारखान्याच्या मालावर असतात तशी पत्र्याच्या साच्यातून काढलेली काळी अक्षरं होती, ‘दोघांनी उचलावे’. शेजारी फुटणाऱ्या मालाची खूण, म्हणजे काचेचा पेला. नवरा-नवरीने जोर लावून उचलली, तर ती इतकी हलकी की दोघंही मागे कोलमडले. आत पेंढा, पेंढ्यात कागदाच्या सात घड्या, आणि शेवटच्या घडीत एक किल्ली. ह्यांच्या स्वतःच्या घराची. सोबत चिठ्ठी होती, ‘आम्ही दोघे शुक्रवार ते रविवार सिन्नरला मेहुणीकडे आहोत. डबे भरलेले आहेत. तुळशीला पाणी घालावे.’

हॉलमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. फिटरचे कान लाल झाले. नवरीने ती किल्ली मात्र पटकन मुठीत घेतली, हे मी पाहिलं.

परतताना मी बायकोला म्हणालो, “आपल्या घराची किल्ली कुणी परक्याला देतं का? तिकडे चोऱ्या होत असणार. फुकटचे राखणदार मिळवले.”

“अहो, नव्या जोडप्याला तीन दिवस स्वतःचं घर मिळालं,” ती म्हणाली. “एवढं कळत नाही का तुम्हाला?”

“कळतं ना. म्हणून तर...” मी म्हणालो. पुढे काही सुचलं नाही. पण संशयाला पुढचं वाक्य लागतच नाही, तो अर्ध्या वाक्यावरही मजेत जगतो.

मग आला वॉचमनचा प्रकार. आमच्या गेटवर पेठ तालुक्याकडचा एक वॉचमन होता, गेली अठरा वर्षं तिथेच बाकावर बसणारा. गेटवरच्या माणसाने कामाशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम. खंडेनवमीला कामगारांची बायकापोरं नटूनथटून आत यायची, हार घातलेली यंत्रं बघायची, पेढे खायची. त्या दिवशीसुद्धा हा बाहेर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसायचा. एका सकाळी ह्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या पॅकिंगवाल्यांनी, त्याच्या हातात दोन्ही तोंडांना लाख लावून बंद केलेला लोखंडी पाइप ठेवला. लाख फोडली तर आत गुंडाळलेला गेटपास निघाला. मालाचं वर्णन, वॉचमन. नग, एक. परत पाठवायचा का, होय. खाली मॅनेजरसाहेबांची खरीखुरी सही.

वॉचमनने टोपी सरळ केली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तो आत आला. फोर्जिंगच्या मोठ्या हॅमरपुढे जाऊन उभा राहिला. हॅमर दाणकन पडला तसा तो दचकला, आणि मग हसायलाच लागला.

“हाच का तो!” तो ओरडला. “लय वर्सं झाली सायेब, रोज माझ्या बुडाखालचा बाक हालवतोय. म्या म्हनायचो, हाय तरी कोन हा!”

आणि त्याने हॅमरला कडक सलाम ठोकला. सगळं शॉप टाळ्या वाजवत होतं. मी नाही वाजवल्या. माझ्या डोक्यात सूत जुळत होतं. गेटवर पिशव्या कोण तपासतो? वॉचमन. त्याला खूश करून कुणी ठेवलं? पॅकिंगवाल्यांनी. आणि संध्याकाळी बगलेत खोकी घेऊन गेटबाहेर कोण जातं? तेच.

त्या दिवसापासून मी नजर ठेवली. आठवड्याभरातच पहिली शिफ्ट सुटताना ते खोकं घेऊन निघालेले दिसले. मी पुढे झालो आणि वॉचमनला म्हणालो, “उघडायला लावा ते.”

“सायेब, पास हाय त्यांच्याकं,” वॉचमन म्हणाला.

“असू दे. उघडा म्हणतोय ना.”

शिफ्ट सुटलेली, पाऊणशे माणसं सायकली धरून उभी. पॅकिंगवाले जराही चिडले नाहीत. “उघडतो. फक्त कागद फाडू नका,” एवढंच म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसले. एक एक घडी सोडवली, एक एक कागद मांडीवर सपाट करून ठेवला. शेवटी आतून निघाली वीट. साधी, भाजलेली, लाल वीट.

“वीट?” मी म्हणालो.

“हलकं खोकं लोक जपत नाहीत. जरा वजन लागतं.”

विटेखाली चिठ्ठी होती. मी ती उचलली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचली, ‘शनिवारी दुपारी तुम्ही बसायचे. आम्ही वाढणार.’ खोक्यावरच्या कागदावर कॅन्टीनच्या आचाऱ्याचं नाव हातभर अक्षरांत होतं, खाली त्याच्या घरचा पत्ता. सायकलीवाल्यांत खसखस पिकली. माझ्या हातात ती चिठ्ठी, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

“वाचलीत ना?” पॅकिंगवाले म्हणाले. “मग आता तुम्ही वाढणाऱ्यांत. आमच्यात तसंच आहे. ज्याने वाचलं तो आत आला.”

पाऊणशे माणसांपुढे नाही तरी कसं म्हणणार? शनिवारी इन्स्पेक्शनचा पांढरा कोट घालून मी आचाऱ्याला वरणभात वाढला. आचारी म्हणजे केवढा धिप्पाड माणूस. रोज पाचशे माणसं जेवली की पातेल्याच्या बुडाशी उरेल ते उभ्याउभ्या खायचा. त्या दिवशी तो खुर्चीवर अगदी अंग चोरून बसला होता. पहिला घास घेतला आणि म्हणाला, “मीठ कमी हे.” सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. मला फार अवघडल्यासारखं झालं. 

हात धुताना मी पॅकिंगवाल्यांना सरळच विचारलं, “तुम्हाला ह्यातून मिळतं काय?”

त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली. “आयुष्यभर पेट्या भरल्या. कुठे गेल्या, कुणी उघडल्या, उघडणाऱ्याचं तोंड कसं झालं, कधी दिसलं नाही हो. म्हणून.”

उत्तर चांगलं होतं. फार चांगलं होतं, म्हणूनच मला ते पटलं नाही. त्या प्रकरणातून मी धडा घेतला तो एवढाच, की ह्या माणसाची चिठ्ठी वाचायची नाही. वाचली की आपण अडकलो.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. हरसूलची मुक्कामी गाडी कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती. संध्याकाळी गाडी न्यायची, रात्री गावात झोपायचं, सकाळी परत आणायची. वेळेचे असे पक्के, की त्या रस्त्यावरची माणसं त्यांच्या गाडीवर घड्याळ लावायची. “गाडी कुनासाठी थांबत नसती,” हे त्यांचं वाक्य. माझी सख्खी मावशी एकदा हात हलवत पळत येत होती, तिलाही त्यांनी मागे टाकलं होतं. माझा जन्म झाला त्या सकाळी निरोप हरसूलला पोचला होता, तरी नाना गाडी तिच्या वेळेलाच घेऊन निघाले आणि वेळेलाच पोचले, मग दवाखान्यात आले. आई हे शेवटपर्यंत ऐकवायची आणि नाना शेवटपर्यंत अभिमानाने ऐकायचे.

निवृत्तीनंतर त्यांचा एक डोळा गेला आणि दुसऱ्याने अंधुक दिसायला लागलं. आमचं घर त्र्यंबक रोडला लागून, दुसऱ्या मजल्यावर. नाना खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून गाड्या ओळखायचे. “ही त्र्यंबक. ही हरसूल. क्लच दाबून ठेवतंय बघ गाढव.” आणि मग हळूच म्हणायचे, “एकदा हरसूलला जाऊन येऊ रे. पुढच्या सीटवर बसून. येताना सकाळचं ऊन समोरच्या काचेवर येतं, तेवढं तरी ह्या डोळ्याला दिसंल.”

दुसरं काहीच ते मागत नव्हते. कपडे नको, गोड नको, देवधर्म नको. एवढी एकच इच्छा, आणि तीसुद्धा घरापुढून जाणाऱ्या गाडीत बसण्याची. मी म्हणायचो, “बघू नाना, थंडी जाऊ दे.” थंडी गेली की म्हणायचो, “ऊन फार आहे.” मला वाटायचं, घाटाचा रस्ता, एका डोळ्याचा म्हातारा, कुठे पडले-झडले तर? आता वाटतं, ते सगळं खोटं होतं. मला कंटाळा होता.

एकदा चहाच्या सुट्टीत मी हे वैतागून बोलून गेलो. पॅकिंगवाले शेजारी बसले होते. सुतळी गुंडाळत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यात भानगड झाली. परदेशी पाठवलेल्या मालाच्या पेट्या उघडल्या तर आतले भाग गंजलेले. दोष कुणाचा? पॅकिंगचा, की त्याआधी माल धुणाऱ्यांचा? चौकशी करून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर पॅकिंगवाल्यांना खात्यातून काढून स्टोअरच्या कोपऱ्यात एका रिकाम्या टेबलाशी बसवलं. तिसऱ्या दिवशी मला कारण सापडलं. धुण्याच्या टाकीतलं पाणीच खराब होतं. पॅकिंगचा काही संबंध नव्हता.

आणि चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. हातात टोपलीएवढी लाकडी पेटी, भोवती पोलादी पट्टी आवळलेली. वर हातभर अक्षरांत ‘नाना’. खाली ओळ, ‘एकट्याने उघडू नये’.

“येत्या महिन्यातल्या पहिल्या रविवारचं आहे,” ते म्हणाले. “तेवढी नानांना द्या.”

 अहवाल माझ्या हातात, आणि ह्या माणसाची भेट माझ्या बापाच्या नावाने! एकट्याने उघडू नये म्हणे. म्हणजे घेताना साक्षीदारही हवा, उद्या नाही म्हणता येऊ नये म्हणून. परत करावी तर चार माणसांत बोभाटा, घ्यावी तर लाच. आमच्या खात्यात अशा मालासाठी पिवळी चिठ्ठी असते. जो धड मंजूर नाही, धड नामंजूर नाही, त्याला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. मी पेटी घरी नेली, खरोखरच पिवळी चिठ्ठी चिकटवली, आणि स्टूलवर चढून माळ्यावर ढकलली. ढकलताना आतून आवाज आला, टिंग.

खिडकीतून नाना म्हणाले, “घंटी कुठं वाजली रे?”

“खाली कुणाची सायकल असेल.”

“सायकल नाय ती,” नाना म्हणाले.

अहवालाचं सांगायला लाज वाटते. तीन दिवसांत कळलेली गोष्ट लिहायला मी तीन आठवडे लावले. पेटी घेतली आणि लगेच निर्दोष ठरवलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. ते तीन आठवडे पॅकिंगवाले त्या रिकाम्या टेबलाशी बसून होते. सुतळी गुंडाळायची, सोडायची. मला अहवालाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदाच विचारलं ते वेगळंच, “पेटी पोचली ना नानांना?”

“पोचली,” मी म्हणालो.

“रविवारचं विसरू नका.”

“नाही नाही.”

तो रविवार उजाडला. नाना दर रविवारी मित्रांबरोबर गंगेवर जायचे. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. बायको त्यांना हाताला धरून कोपऱ्यापर्यंत सोडायची, पुढे मित्र रिक्षाने न्यायचे. त्याही दिवशी साडेपाचला ते काठी घेऊन बाहेर पडले. सहाच्या सुमाराला मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलो, आणि पाहतो तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पॅकिंगवाले उभे. स्वेटर, कानटोपी, खांद्याला शबनम. एकदा आमच्या बाल्कनीकडे बघत होते, एकदा वळून गिरणीच्या मागच्या बाजूला. तिकडे काय होतं ते मला दिसत नव्हतं.

मी पटकन वाळत घातलेल्या चादरीमागे सरकलो आणि तिच्या कडेने बघत राहिलो. मनात म्हटलं, थांबा आता नानांची वाट बघत. नाना केव्हाच गंगेवर पोचले. खरं सांगतो, मला त्या क्षणी फार हुशार असल्यासारखं वाटलं. त्यांनी दोनदा हात उंच करून हलवला. मी चहा पीत राहिलो. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग खांदे पाडून गिरणीमागे गेले, आणि पाठोपाठ एक गाडी सुरू होऊन गेल्याचा आवाज आला. नाना खिडकीत असते तर कुठली ते त्यांनी सांगितलं असतं.

नाना दुपारी आले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जेवताना बोटांनी ताटावर ताल धरला होता.

“गंगेवर गर्दी होती का?” मी विचारलं.

“लय,” नाना म्हणाले. बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी पॅकिंगवाले नेहमीसारखेच हसले. रविवारबद्दल अवाक्षर नाही. मलाच मग ते सोसेना, आणि त्या आठवड्यात मी अहवाल देऊन टाकला. ते आपल्या खात्यात परत गेले. जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

“तुम्हाला सुरुवातीलाच कळलं होतं ना? दोष आमचा नाही ते?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघायचं बंद केलंत, त्यावरून.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पण तो नव्हताच.

पुढे दिवस बदलले. लाकडी पेट्या गेल्या, पुठ्ठ्याची खोकी आणि फुग्यांचं प्लास्टिक आलं. नवी पोरं ते फुगे फोडत बसायची आणि पॅकिंगवाले मान फिरवायचे. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला आम्ही त्यांना काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ. चकचकीत कागदात गुंडाळलेलं. त्यांनी तो कागदसुद्धा न फाडता उघडला आणि घडी करून खिशात ठेवला. मग ते मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, आणि मी त्यांचा पत्ता विचारला नाही. माळ्यावरची पेटीही नंतर नंतर मी विसरलो. किंवा विसरलो असं ठरवलं.

नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण गाड्या ओळखत होते. त्यांचं दिवसपाणी झाल्यावर मी माळा आवरायला काढला. जुने पाट, फुटकी बादली, आणि मागे ती पेटी. पिवळी चिठ्ठी पांढरी पडली होती. मी सवयीने पेटी उलटी करून बघितली, आणि माझा हात थांबला. पोलादी पट्टीच्या जोडावर दोन वेळा आवळल्याच्या खुणा होत्या. पेटी एकदा उघडून पुन्हा बांधलेली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासला, आणि स्वतःच्या माळ्यावरची पेटी मी इतक्या वर्षांत एकदाही बघितली नव्हती.

मी पक्कड आणायला उठलो तशी बायको आली. पेटी बघितली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली.

“एकट्याने उघडू नका,” ती म्हणाली.

आत पेंढा होता. कागदाच्या सात घड्या. त्यात पितळेची घंटी, जुन्या लाल गाड्यांत कंडक्टर दोरी ओढून वाजवायचा तशी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घंटीखाली चिठ्ठी होती, ‘नाना, रविवारी सकाळी सहाला गिरणीमागे हरसूलची गाडी उभी राहील. ड्रायव्हर तुमच्याच हाताखाली शिकलेला आहे. पुढच्या तीन जागा धरल्या आहेत. एक तुमची, एक माझी, एक तुमच्या मुलाची. निघताना डबल घंटी तुम्ही द्यायची.’

चिठ्ठीच्या घडीत एक तिकीट होतं. नाशिक ते हरसूल. भोकं पाडलेलं, पण कुणी कधी वापरलेलं नाही असं कोरं करकरीत.

“नानांनी त्याच दिवशी ओळखलं होतं,” बायको सांगू लागली. “दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मला म्हणाले, माळ्यावर गाडीची घंटी हाय, काढ. मी वाचून दाखवलं. म्हटलं, ह्यांना सांगते. तर नाना म्हणाले, नको. पेटी त्याच्या हातात दिली हाय ना, त्यालाच उघडू दे. येईल तो.”

“आणि नंतर? नंतर तरी सांगायचं ना.”

“नंतर ते पॅकिंगवाले भाऊजी एका दुपारी आले. चहा घेतला आणि पेटी पुन्हा होती तशी बांधून दिली. नाना म्हणाले, ह्यात त्याचं तिकीट टाका. कधीतरी उघडंल.” तिने फरशीवरच्या पेंढ्याच्या काड्या वेचल्या. “आणि तुम्ही तरी कधी विचारलंत का? तुम्ही संशय घेता. विचारत नाही.”

 मी घंटी हातात घेतली. फार जड होती.

“म्हणजे त्या दिवशी कोपऱ्यावर ते नानांची वाट बघत नव्हते,” मी म्हणालो.

“नाना केव्हाच गाडीत बसले होते. मीच चढवलं त्यांना. पुढच्या सीटवर, ही घंटी मांडीवर घेऊन. सहा वाजले तसा तो ड्रायव्हर म्हणाला, नाना, द्या डबल. नाना म्हणाले, थांब जरा. मागची माणसं कुरकुरायला लागली. पुन्हा ड्रायव्हर म्हणाला. नाना म्हणाले, थांब म्हनलं ना, माझं पोरगं यायचंय.”

“किती वेळ?”

“सात मिनिटं,” बायको म्हणाली.

माझ्या जन्मासाठीसुद्धा नानांनी गाडीची वेळ मोडली नव्हती. ती सात मिनिटं मी वर बाल्कनीत, चादरीमागे उभा होतो.